चुकलेल्या ठोक्यांचा जमाखर्च

मराठीत काळजाचा ठोका चुकतो. कथा-कादंबऱ्यांतून तो इतक्या वेळा चुकलेला आहे की त्या शब्दप्रयोगात काही अर्थ उरला असेल असे मला कधी वाटले नव्हते. परंतु २०२३ सालच्या मे महिन्यात, वेस्ट मांबलममधील आमच्या भाड्याच्या घरात रात्री डाव्या कुशीवर निजलो असता माझा ठोका खरोखरीच चुकला, आणि मग चुकतच राहिला. दोन ठोके नीट पडावेत, तिसरा घाईघाईने, अर्धवट, पुढच्याच्या टाचेवर पाय देत यावा, नंतर क्षणभर सारे स्तब्ध, आणि मग छातीच्या पिंजऱ्यावर कोणी आतून बुक्की मारावी तसा एक जबर ठोका. त्या स्तब्ध क्षणात माणूस काय काय आठवून घेतो! मला आठवले ते वाईचे आमचे घर आणि अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. येथे तमिळ मुलखात अण्णा म्हणजे थोरला भाऊ. त्यामुळे माझे अण्णा वारले असे मी सांगितले की समोरचा गृहस्थ हळहळून वडिलांनी ते दुःख कसे सोसले असे विचारतो. अण्णांची नाडी मध्येच थांबे. मी दहा वर्षांचा असताना गंगापुरीतील एका वृद्ध वैद्यांनी त्यांच्या मनगटावर तीन बोटे ठेवून बराच वेळ डोळे मिटले होते, आणि उठताना आईला बाजूला घेऊन हलक्या आवाजात काही सांगितले होते. काय सांगितले ते आईने कधी बोलून दाखवले नाही. पुढे वाचनालयात शार्ङ्गधरसंहितेचे भाषांतर हाती आले तेव्हा मला त्याचा उलगडा झाला. तेथे नाडीच्या चाली पशुपक्ष्यांवरून ओळखावयास सांगितल्या आहेत. वाताची नाडी जळवेसारखी किंवा सर्पासारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी, कफाची हंसासारखी किंवा पारव्यासारखी. आणि जी थांबत थांबत चालते ती प्राण घेणारी. वैद्यबुवांच्या त्या भेटीनंतर अण्णा सतरा वर्षे जगले, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी एका पहाटे गेले. दाखल्यावर कारण लिहिले होते, 'हृदयक्रिया बंद पडून'. कागद हाताळण्यात ज्याचा दिवस जातो त्याला कळावयास हवे की हे कारण नव्हे, हे नुसते वर्णन आहे. तरीही तो कागद मी जपून ठेवला आहे, आणि त्या रात्री तोच माझ्या डोळ्यांपुढे होता.

वेस्ट मांबलम ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मांबलम स्टेशनच्या पूर्वेला रंगनाथन स्ट्रीट; साऱ्या चेन्नईची खरेदी तेथे लोटलेली असते. पश्चिमेच्या जिन्याने उतरावे तो एकदम निराळे गाव. देवळे, पूजासाहित्याची दुकाने, पापड-कुरड्यांसारखे अप्पळम आणि वडाम विकणाऱ्या मामी, आर्य गौडा रस्त्यावरचे अयोध्या मंडपम्. एका रस्त्याचे नाव लेक व्ह्यू रोड आहे, पण त्यावरून तळे कोठेच दिसत नाही, कारण ते कधीच बुजवले गेले. मोठा पाऊस झाला म्हणजे मात्र ते आपली जुनी जागा शोधीत परत येते. आमचे ऑफिस नुंगमबाक्कमला, लोकलने दोन स्टेशनांवर. घरमालक मामा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. ते वरच्या मजल्यावर संध्याकाळी मुलांना मृदंगम् शिकवितात. म्हणजे खाली माझ्या छातीत ताल चुकत असता डोक्यावर तालाची शाळा भरलेली, अशी परिस्थिती होती.

सी.जी.एच.एस.च्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन मी हृदयतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी प्रथम माझी भाषाच दुरुस्त केली. ठोका चुकत नाही, त्या म्हणाल्या, एक ठोका आगाऊ पडतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो मिनिटाला साठ-सत्तर वेळा हुकूम सोडतो आणि सारे हृदय तो पाळते. कधी कधी खालच्या कप्प्याच्या भिंतीतील एखादा कोपरा वरून हुकूम येण्याची वाट न पाहता स्वतःच सही करून कागद पुढे ढकलतो. तो आगाऊ ठोका पडतो तेव्हा हृदय पुरते भरलेले नसते, म्हणून तो मनगटापर्यंत पोचतही नाही. त्यानंतर थोडी विश्रांती पडते, तेवढ्या अवधीत हृदय अधिक भरते, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. ज्याला आपण चुकलेला ठोका म्हणतो ती खरोखरी या आगाऊपणानंतरची शांतता असते. ऑफिसची उपमा अर्थात माझी आहे, बाईंची नव्हे.

मग छातीला पाच तारा चिकटवून 'हॉल्टर' नावाची डबी माझ्या गळ्यात अडकविण्यात आली. नॉर्मन हॉल्टर या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात हे यंत्र प्रथम बनविले तेव्हा ते पाठीवर वाहून न्यावे लागे, आणि त्याचे वजन सुमारे अडतीस किलो होते. आज ते खिशात मावते. डबीबरोबर एक छापील रोजनिशी देतात. कोणत्या वेळी काय केले, केव्हा काय वाटले, ते तीत लिहावयाचे. हे काम माझ्या हाडीमाशी खिळलेले! मी ती रोजनिशी अशी भरली की ऑडिटने बोट ठेवू नये. ६-४० कॉफी. ८-५५ लोकल, उभ्याने. ११-१० साहेबांकडे बोलावणे. आणि ठोका चुकल्यासारखे वाटले की डबीवरचे बटण दाबावयाचे. ते मी चौदा वेळा दाबले.

अहवाल आला. चोवीस तासांत एकूण ठोके १,०२,४१६. त्यांत आगाऊ ठोके ११,८७०. शेकडा साडेअकरा. आणि माझ्या चौदा बटणांपैकी आगाऊ ठोक्याशी जुळली फक्त पाच! उरलेल्या नऊ वेळी हृदय सरळ चालले होते, आणि जे हजारो ठोके खरोखर आगाऊ पडले त्यांचा मला पत्ताही नव्हता. साहेबांचे बोलावणे आले त्या वेळी तर एकही आगाऊ ठोका नव्हता. रोजनिशीच्या एका रकान्यात मी आणि दुसऱ्या रकान्यात माझे हृदय, अशा दोन निरनिराळ्या व्यक्तींनी तो दिवस घालविला होता.

बाईंनी ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढले. ते उत्तम होते. रक्तातील पोटॅशियम, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सारे ठीक. हृदय धडधाकट असता असे ठोके बहुधा निरुपद्रवी असतात. मात्र त्यांचे प्रमाण शेकडा दहा-पंधराच्या वर वर्षानुवर्षे राहिले तर काहींच्या हृदयाचे स्नायू त्याने थकतात, म्हणून वर्षाला एकदा चित्र काढीत जावे, असे त्यांनी सांगितले. मी म्हटले, "मग काही गोळी देऊन हे बंद करा ना."

त्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. १९१२ साली वेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञाकडे एक डच व्यापारी आला. त्याची नाडी पूर्ण अव्यवस्थित चालत होती. त्याचा रोग माझ्याहून निराळा, वरच्या कप्प्यांचा. व्यापाराच्या हिशेबात व्यवस्था असावी तशी हृदयाच्या कारभारातही असावी असे त्याचे म्हणणे होते. वेंकेबाख यांनी हात टेकले. तेव्हा व्यापारी म्हणाला, उद्या सकाळी मी नीट चालणारी नाडी घेऊन येतो. आणि खरोखरच आला! हा गृहस्थ कोयनेल घेत असे, आणि ग्रॅमभर कोयनेलने आपली नाडी ताळ्यावर येते हे त्याला अनुभवाने कळले होते. (याच कोयनेलसाठी १८६० च्या दशकात निलगिरीवर सरकारने सिंकोनाची लागवड केली.) ठोक्यांना शिस्त लावणाऱ्या औषधांच्या मालिकेला तेथून चालना मिळाली. गोष्ट ऐकून मला त्या व्यापाऱ्याविषयी बंधुभाव वाटला. परंतु बाईंची दुसरी गोष्ट बाकी होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत असे आगाऊ ठोके धोक्याचे चिन्ह मानतात. तेव्हा ते औषधाने दाबले तर धोका टळेल असा सरळ हिशेब डॉक्टरांनी केला, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत त्याची मोठी चाचणी घेतली. औषधांनी आगाऊ ठोके दाबले गेले; पण १९८९ साली दोन औषधांपुरती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले होते. आकडे तेवढे सुंदर झाले होते. मी गोळीचा विषय पुन्हा काढला नाही.

परंतु ११,८७० हा आकडा माझ्या मनातून जाईना. आणि येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाच्या टेबलाच्या खणात विनंती-बदलीचा एक अर्ज नेहमीच अर्धवट लिहिलेला असतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या खणात तो या क्षणीही असेल. आई वाईला एकटी. अण्णांच्या मागे ती घर सोडून यावयास तयार नाही, आणि दर रविवारी फोनवर तिचा आवाज थोडा अधिक लांबून आल्यासारखा वाटतो. माझ्या अर्जाला आजवर नुसती भावना होती, आधार नव्हता. आता छापील, सही-शिक्क्याचा आधार मिळाला. येथील उकाडा मानवत नसल्यामुळे हृदयाचे ठोके शेकडा साडेअकरा या प्रमाणात अनियमित झाले असून, करिता पुणे कार्यालयात बदली व्हावी, असा अर्ज मी जूनमध्ये योग्य मार्गाने सादर केला. 'मानवत नसल्यामुळे' हा शब्द बाईंचा नव्हता. तो माझा होता.

दरम्यान मी स्वतःवर उपाय सुरू केले. प्रथम कॉफी सोडली. वेस्ट मांबलममध्ये राहून डिग्री कॉफी सोडणे म्हणजे काय ते येथे राहिलेल्यालाच कळेल. सकाळी सहा वाजता साऱ्या गल्लीत तो एकच वास असतो. मामींना तर हा त्यांच्या घराचा अपमान वाटला. रात्री दहाला निजू लागलो. ऑगस्टमध्ये बाईंनी पुन्हा डबी बांधली. आगाऊ ठोके ३,९१२, शेकडा चार! आम्ही त्या संध्याकाळी घरी शिरा केला. मी ऑफिसात दोघातिघांना कॉफीचे दुष्परिणाम सांगितले. सुमारे आठवडाभर मी असा सुधारलेला मनुष्य म्हणून वावरलो.

मग मला अर्ज आठवला. तो अजून वर गेला नव्हता. आमच्याच विभागात टिपणीची वाट पाहत पडला होता. त्यास जोडलेला अहवाल ११,८७० चा. नवा अहवाल माझ्या पिशवीत. आस्थापनेच्या टेबलावर मी स्वतः नऊ वर्षे काढली आहेत. नंतरचा कागद दडवून आधीचा पुढे करणाऱ्यांची प्रकरणे मी हाताळली आहेत, त्यांवर कडक टिपण्याही लिहिल्या आहेत. पण त्या टिपण्या लिहिताना त्या माणसांची आई कोठे राहते हे माझ्या समोर कधी नव्हते. सौ. म्हणाली, "दुसरा अहवाल मागितलाय का कोणी? मग तुम्ही कशाला नेऊन देता?" तिचे चूक होते असे मी म्हणणार नाही. चार दिवस तो कागद माझ्याबरोबर लोकलने नुंगमबाक्कमला गेला आणि परत आला.

पाचव्या दिवशी मी तो घेऊन बाईंकडेच गेलो. खरा कोणता, एवढेच मला विचारावयाचे होते. त्या हसल्या. म्हणाल्या, दोन्ही. आणि मग ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावयास बसलो त्याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. निदान जेवढे मिळण्यासारखे आहे तेवढे.

हे ठोके एका चालीने पडतच नाहीत. शरीराच्या स्वयंचलित कारभारात चेतविणाऱ्या आणि शांतविणाऱ्या अशा दोन मज्जासंस्था आहेत, त्यांची ओढाताण तासातासाला बदलते. कुणाचे आगाऊ ठोके दिवसा, नाडी जलद असता वाढतात. कुणाचे रात्री, नाडी मंदावली की. आणि कुणाचे कशाशीच जुळत नाहीत. ताप, जुलाब, घामावाटे गेलेले क्षार, जागरण, मद्य, यांनी भर पडते. त्यातून एक ठोका दुसऱ्याला बोलावतो: आगाऊ ठोक्यानंतर जी लांब विश्रांती पडते, तीच पुढच्या आगाऊ ठोक्याला अनुकूल असते, असे शिकागोच्या लँगेनडॉर्फ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली दाखविले. म्हणून ते पसरून न येता झुंडीने येतात; तासभर एक-आड-एक, मग दोन तास शुकशुकाट.

आणखी एक प्रकार त्यांनी सांगितला तो मला फार आवडला. काहींच्या हृदयात तो चुकार कोपरा स्वतःच्या ठराविक गतीने अखंड चालत असतो, मुख्य तालाची पर्वा न करता. पण स्नायू नुकताच आकुंचन पावलेला असला तर त्याची हाक ऐकली जात नाही; मोकळा सापडला तरच ठोका उमटतो. घरी येऊन मी हे मामांना सांगितले. ते म्हणाले, "सार, हे तर आमचेच गणित." आठ मात्रांच्या आदितालात सात मात्रांचे बोल वाजवीत गेले तर छप्पन्न मात्रांनी दोन्ही पुन्हा समेवर येतात, आणि तालाची मात्राच किंचित लांबविली, पण बोल मात्र आपल्या जुन्या गतीने चालू ठेवले, तर भेटीच्या साऱ्या जागा बदलतात. वाजविणारा तोच, बोल तेच. तरी ऐकणाऱ्याला कधी दर वळणावर गाठ पडते, कधी बराच वेळ पडतच नाही. हृदयातही कोपरा तोच राहून केवळ नाडीची गती थोडी बदलली की मोजणीतला आकडा दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. माझ्यात हेच घडते असे बाईंनी म्हटले नाही. पण कारण न बदलता आकडा बदलू शकतो हे मला त्या दिवशी प्रथम पटले. जमाखर्चात असे कधी होत नाही.

आणि शेवटचा घाव त्यांनी हिशेबाचाच घातला. १९७८ साली मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांची सलग तीन दिवस नोंद घेतली. उपचार काही बदलले नव्हते, तरी आकडे दिवसादिवसाला खालीवर झाले. त्यांनी गणित मांडले की चोवीस तासांच्या दोन नोंदींची तुलना करावयाची तर घट शेकडा ८३ हून अधिक असल्याशिवाय ती उपचाराची आहे असे म्हणता येत नाही. मी तेथेच कागदावर वजाबाकी केली. ११,८७० वजा ३,९१२. शेकडा ६७. म्हणजे माझी कॉफी, माझे दहाला निजणे, तो शिरा, सारे नामंजूर! शिवाय मनुष्य डॉक्टरकडे जातो तो त्रास शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केले, अगर काहीच न केले, तरी बहुधा उतारच पडावयाचा. कॉफी अगदी निर्दोष आहे असे नव्हे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शंभर माणसांना कोणत्या दिवशी कॉफी घ्यावयाची आणि कोणत्या दिवशी नाही हे चिठ्ठी काढल्याप्रमाणे ठरवून दिले होते. कॉफीच्या दिवशी खालच्या कप्प्याचे आगाऊ ठोके सरासरी १५४, एरवी १०२. झोप छत्तीस मिनिटांनी कमी. पण चालणे हजार पावलांनी जास्त. "तुमच्या हजारोंच्या आकड्यात ते पन्नास कोठे शोधणार?" बाई म्हणाल्या. मी निघताना विचारले, "आणि येथला उकाडा?" त्यांनी सरळ सांगितले, "तसे मी लिहून देणार नाही. पुण्यालाही हे असेच खालीवर होईल."

दुसऱ्या दिवशी दुसरा अहवाल मी एका ओळीच्या पत्रासह अर्जाला जोडला. आमचे सेक्शन ऑफिसर तंजावरकडचे, सज्जन गृहस्थ. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि समासात लिहिले, 'कृपया चर्चा करावी'. चर्चेत त्यांनी माझाच प्रश्न मला विचारला, यांतला बरोबर कोणता? मी म्हटले, दोन्ही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांची आई कुंभकोणमला असते, आणि तेही पंधरा वर्षे दिल्लीत होते. मी अर्ज मागे घेतला. 'मानवत नसल्यामुळे' या शब्दावर काट मारण्यास फाईलमध्ये तरतूद नसते, म्हणून सगळाच मागे घेतला.

डिसेंबरात मिचाँग वादळ आले. लेक व्ह्यू रोडचे तळे परत आले; आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी, वीज नाही, आणि मी मामांचे दोन मृदंगम् डोक्यावर घेऊन जिना चढलो. त्या दिवसांत ठोका चुकल्याचे मला एकदाही जाणवले नाही. जानेवारीत, मार्गळीच्या गारव्यात, तिसरी डबी. त्या संध्याकाळी अयोध्या मंडपम् मध्ये भजन होते, आणि येथील परिपाठाप्रमाणे मध्येच त्यांनी अभंग घेतला. तुकोबा तमिळ उच्चारांत, पण तुकोबाच. सदऱ्याखाली तारा आणि डोळ्यांत पाणी अशा अवस्थेत मी बसलो होतो, आणि मनात म्हणत होतो की या घटकेला आत नक्की कल्लोळ चालला असेल. अहवालात तो तास सर्वांत शांत निघाला. सर्वांत अधिक ठोके पडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते अकरा, मी रजेचे हिशेब तपाशीत असताना. एकूण ९,२४०. कॉफी नव्हती, उकाडा नव्हता, अर्ज नव्हता. मी त्याच दिवशी मामींच्या घरी जाऊन कॉफी मागितली.

अर्ज मागे घेतल्याचे मी आईला कळविले नव्हते, सौ.ने कळविले. फेब्रुवारीच्या अखेरीस आई एकटीच गाडीत बसून आली, महिनाभरासाठी म्हणून. पहिल्याच दिवशी तिने माझे मनगट धरले. तिला कोणी शिकविले नसेल, पण बोटे बरोबर अंगठ्याच्या बाजूला गेली, तीन. मी तिला आगाऊ ठोका, विश्रांती, शेकडा नऊ, सारे सांगू लागलो. ती ऐकत नव्हती. वर मामांचा वर्ग चालला होता. कोणी नवखा मुलगा एकच बोल पुन्हा पुन्हा चुकवीत होता. वैद्यबुवा त्या दिवशी काय म्हणाले होते, हे मी तिला एवढ्या वर्षांनी विचारले.

"म्हणाले, यांना चिडवू नका," आई म्हणाली. मग थोडी थांबली. "आत्ता एक गेला रे." आणि हात सोडून तिने गवारीची जुडी पुढे ओढली.